ढोबळे काकूंचं प्रस्थान

आमचं घर नेमकं कोणत्या दिशेला आहे, याचा मी उभ्या आयुष्यात कधी विचार केला नव्हता. वर्ध्यात पत्ता सांगताना कोणी दिशा सांगत नाही. पाण्याच्या टाकीमागं, पिठाच्या गिरणीसमोर, एवढ्यावर माणूस घरी येऊन चहा पिऊन जातो. पण एका रविवारी सकाळी समोरच्या ढोबळे काकू आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाइल आडवा धरलेला, त्यावर होकायंत्र. आधी त्या स्वतःच्या घराकडं वळल्या, मग आमच्याकडं, मग पुन्हा स्वतःच्या घराकडं. मी दाढी करता करता खिडकीतून बघत होतो.

"सुधीर," त्या रस्त्यावरूनच ओरडल्या, "तुमचं घर आमच्या बरोबर पूर्वेले हाय. बरं झालं बाप्पा!"

"का हो काकू? काय झालं?"

"वेळ आली की सांगीन. तू दाढी कर."

आणि गेल्या. असं अर्धवट काहीतरी आपल्या गळ्यात टाकून निघून जायची त्यांची सवयच होती. आता त्या आणि काका पुण्याला मुलाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि समोरच्या घरात एक अतिशय सभ्य, हळू बोलणारं कुटुंब भाड्यानं आलं आहे. त्यांच्या घरात काय चाललं आहे ते आम्हाला काहीही कळत नाही. काकूंच्या वेळी सगळं कळायचं. त्यांच्या घरी भाजी कोणती आहे हे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

शालिनी ढोबळे आंजीच्या शाळेत पीटीच्या मॅडम होत्या. वर्ध्याहून रोज एसटीनं जायच्या, यायच्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. नोकरी संपली तरी बूट सुटले नाहीत. लग्नाकार्यातही पैठणीखाली तेच. कोणी हसलं तर म्हणायच्या, "जेवायची रांग लागली की मीच पहिली पोचते, मंग हसजो." मैदानावर कमावलेला आवाज त्यांना घरात बारीक करता आला नाही आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

त्यांच्या दोन म्हणी होत्या, त्यांनीच केलेल्या. एक, "सरावाशिवाय सामना नाई." आणि दुसरी, "आधी जोडे घाल, मंग भे." माझी बायको रेखा चाळिशीत स्कूटर शिकली ती या दुसऱ्या म्हणीच्या धाकानं. रेखा म्हणायची, मला भीती वाटते. काकू म्हणायच्या, वाटू दे की, भेता भेता किल्ली फिरव. पहिल्याच दिवशी रेखानं गिरणीवाल्याच्या ओट्याला धडक दिली. काकूंनी स्कूटर उभी केली, ओट्याला काही झालं नाही ना ते पाहिलं, आणि तिला पुन्हा बसवलं. रेखाचा गुडघा त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिला.

खो-खोच्या मुलींना घेऊन काकू भारतभर हिंडल्या होत्या. सोलापूर, इंदूर, रायपूर, एकदा थेट गुवाहाटी. सगळं स्लीपरनं. त्यामुळं रेल्वेचा डबा त्यांना माहेरासारखा. रायपूरहून परत येतानाची गोष्ट त्या दर दिवाळीला सांगायच्या. मुलींच्या बर्थवर एक धिप्पाड गृहस्थ पाय पसरून झोपलेले. म्हणजे झोपेचं सोंग. काकूंनी दोनदा हाक मारली. सोंग हलेना. मग त्या मुलींकडं वळल्या आणि डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे सामान कोणाचं हाय?"

मुली म्हणाल्या, "आमचं नाई, मॅडम."

"कोणाचंच नाई? मंग बसा त्याच्यावर."

गृहस्थ ताडकन उठले. नागपूरपर्यंत उभे राहून आले आणि उतरताना त्यांनी मुलींना संत्री घेऊन दिली, असं काकू सांगत. संत्र्यांचा भाग मला मागाहून जोडल्यासारखा वाटतो. पण काकूंपुढं शंका काढायची माझी हिंमत नव्हती.

अशा बाईचे यजमान वसंतराव ढोबळे. सरकारी कचेरीत मोठे बाबू होते. अंगानं सडसडीत, बोलायला मऊ, संत्र्याची साल एका तुकड्यात काढणारे. निवृत्तीनंतर रोज सकाळी पायी बाजारात जाऊन भाजी आणायचे आणि वाटेत भेटेल त्याला भाव सांगायचे. मग एका उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. सौम्य होता. नागपूरला नेलं, स्टेंट टाकला, चार दिवसांत घरी आले. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात, हिंडा-फिरा.

काका हिंडेनात. बाजार बंद झाला. मग कोपऱ्यावरचं दूध बंद झालं. फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसायचे, दोन बोटं मनगटावर. नाडी मोजून झाली की बीपीचं मशीन, मशीन झालं की पुन्हा बोटं. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. त्या चढायला लागतात म्हणून त्यांनी आमच्याकडं यायचं सोडलं. गणपतीच्या आरतीला रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवायचे. दवाखान्यापासून आपण किती लांब आहोत, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात राहिला होता.

गल्लीत आम्ही सगळे काकांची काळजी करायचो. काकूंची करायची असते हे आम्हाला सुचलंही नाही. त्यांचा आवाज शाबूत होता ना! एका दुपारी मी फाटकापाशी स्कूटर पुसत होतो. त्या आल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या. काकू बसल्या म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, एवढं मला कळलं.

"सुधीर, मी झोपली नाई रे," त्या म्हणाल्या.

"काल?"

"हे आजारी पडले तवापासून. हे रातच्याले मले उठवतात. दोनदा, तीनदा. म्हणतात, 'अवो, पाह्य ना, चालू हाय का?' मी हात लावून पाह्यते. म्हणते, चालू हाय, झोपा. हे झोपतात. मले नाई झोप लागत मंग. मले वाटते, आता मी झोपली अन् यायनं हाक मारली अन् मले ऐकू नाई आली तर?" त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "डॉक्टर म्हणते, यायले काई झालं नाई. मले दिसून राह्यलं ना, काई झालं नाई ते. पण भेव काढाचं कसं? मले दुसरं काई नाई पाह्यजे आता. एक रात्र यायनं मले उठवू नये. बस."

मी म्हणालो, काकू, चार दिवस आमच्याकडं झोपायला या. त्या उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "मी पळून जाणारी नाई." पुढच्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की त्या आणि काका चार देशांचा प्रवास करणार आहेत. आगगाडीनं. झोपायच्या डब्यातून.

आधी आम्हाला वाटलं, जागरणानं डोकं फिरलं. पण त्यांनी यूट्यूबवर थायलंडच्या गाडीचा व्हिडिओ पाहिला होता. संध्याकाळी माणूस येऊन सीटचा पलंग करून देतो, पांढरी चादर घालतो, प्रत्येक बर्थला पडदा. त्या गाडीनं आधी वर लाओसच्या सीमेपर्यंत, पलीकडं जाऊन लाओस पाहायचं, मग परत खाली बँकॉक, तिथून दुसरी रात्रीची गाडी मलेशियाच्या सीमेला, आणि तिथून बसायच्या गाड्यांनी सिंगापूरपर्यंत. सगळा बेत त्यांना तोंडपाठ होता. कोणत्या स्टेशनाजवळ हृदयाचा दवाखाना आहे हेसुद्धा.

"पण काकू, जे काका कोपऱ्यावर जात नाहीत ते लाओसला कसे जातील?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "जवळचं ठरवलं की हे म्हणतात, पुढच्या महिन्यात पाहू. तालुक्याची तयारी करणारी पोरगी तालुक्यालेच हारते. राज्याची तयारी केली की तालुका चालता चालता निंगून जाते. अन् आगगाडी काऊन? तर थे थांबते. यायले भेव कायचं हाय? मधात काई झालं तर उतरता नाई येणार, याचं. आगगाडीतून उतरता येते. मले दवाखाने पाठ हायत. मंग?"

या युक्तिवादात मला कुठंतरी भोक दिसत होतं, पण बोट ठेवता आलं नाही.

सराव अंगणातून सुरू झाला. मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की काकूंकडं अजून होती. तिनं त्यांनी अंगणात अख्खा डबा आखला. इथं बर्थ, इथं मधली वाट, इथं संडास, हे दार, हा प्लॅटफॉर्म. काकांनी रोज सकाळी हातात पिशवी घेऊन प्लॅटफॉर्मवरून डब्यात चढायचं, बर्थवर म्हणजे सतरंजीवर बसायचं, उठून संडासापर्यंत जायचं, परत यायचं. काका चिडायचे, "अवो, लोक पाहून राह्यले." खरंच पाहायचे. एकदा दूधवाला सवयीनं सरळ अंगणातून आत गेला, तर काकू कडाडल्या, "भिंतीतून काऊन येऊन राह्यला? दारातून ये!" त्यानं बिचाऱ्यानं मागं जाऊन फक्कीच्या दारातून कॅन आणली. त्या दिवशी काका खूप दिवसांनी हसले. रेखानं ते आपल्या गॅलरीतून पाहिलं आणि मला बोलावलं, तोपर्यंत हसून झालं होतं.

अंगणानंतर केळझर. एसटीनं गणपतीला. काका टेकडीच्या खालीच बसले, काकूंनी वर जाऊन दर्शन घेतलं आणि प्रसाद आणला. "गेले तर होते," एवढंच म्हणाल्या. मग खरी गाडी. पुण्याला मुलाकडं जायचं, झोपायच्या डब्यातून. पहिल्या खेपेला काकांना पुलगाव येता येता छातीत दाटलं. ते म्हणाले, उतरतो. काकूंनी हुज्जत घातली नाही. सामान घेतलं, पुलगावला उतरल्या, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून दोघांनी पुऱ्या आणि जवसाची चटणी खाल्ली. काकांना ढेकर आला, छाती मोकळी झाली. मिळेल त्या गाडीनं परत.

मला वाईट वाटलं. काकू मात्र परत आल्या त्या जिंकल्यासारख्या. "पुलगाव झालं," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी धामणगाव झालं. मग बडनेरा. पुण्याचं तिकीट काढून बडनेऱ्याला उतरणारं हे जोडपं टीसीच्याही ओळखीचं झालं. एकदा अकोल्याला पोचले तेव्हा काकूंनी मला फोन केला आणि फक्त "अकोला!" एवढं ओरडून ठेवून दिला. रेखानं त्या संध्याकाळी शिरा केला. कशासाठी ते पोरांना सांगता आलं नाही. आणि त्यानंतरच्या खेपेला ते दोघं मध्ये कुठंही न उतरता पुण्यात उतरले. मुलगा, नितीन, स्टेशनवर आला होता. काका त्याला म्हणाले, "गाडी बरी होती," जणू रोज येतात.

पण रात्री उठवणं सुटलं नव्हतं. गाडीतही त्यांनी काकूंना दोनदा उठवलं होतं. मी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सामना अजून बाकी हाय." डोळ्यांखाली काळं झालं होतं त्यांच्या. मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या दिसल्या.

नितीननं मला फोन केला. "सुधीरदादा, तू आईला समजाव ना. पुणं ठीक आहे. परदेशात बाबांना काही झालं तर?" मी म्हणालो, तू समजाव. तो म्हणाला, मी समजावलं, ती म्हणाली, तू पहिले जोडे घाल. आम्हा दोघांनाही हसू आलं.

आता अडचण एकच उरली होती. वर्ध्याहून हावड्यापर्यंत गाडी, बँकॉकपासून पुढं गाडी. पण कोलकाता ते बँकॉक काही रूळ नाहीत. तेवढं विमान. काका विमानाचं नाव काढलं की मनगट धरायचे. काकूंनी त्यालाही उत्तर शोधलं होतं. "वर्धा ते अकोला किती वेळ बसलो आपण? बस, तेवढंच विमान. मधात उतरता येत नाई, एवढाच फरक."

"तोच तर फरक हाय," काका म्हणाले.

तिकिटं निघाली आणि काकांनी शेवटचं अस्त्र बाहेर काढलं. पंचांग. या माणसानं स्वतःचं लग्न मुहूर्तापेक्षा उन्हाळ्याची सुट्टी पाहून केलं होतं. पण आता चष्मा लावून रस्त्यापलीकडून मला सांगू लागले, "सुधीर, गाडी शनवारची हाय. शनवारी पूर्वेले दिशाशूल असते. कलकत्ता पूर्वेले हाय. जाता नाई येत." चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांना दुखवावंसं वाटेना.

काकू याच घडीची वाट पाहत बसल्या होत्या. जुन्या लोकांनी दिशाशूल केलं तशी त्यातून पळवाटही केली. निघायचा दिवस वाईट असेल तर त्याच्या आधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान, हळदकुंकू लावून, जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवासाला आपण त्याच दिवशी निघालो, असं धरायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आणि एकदा उंबरठा ओलांडून गेलेलं प्रस्थान निघेपर्यंत घरात परत आणायचं नाही. बहुतेक लोक रुमालात सुपारी आणि अक्षता बांधून ठेवतात. काकूंनी काकांची अख्खी बॅग भरली, हँडलला कुंकू लावलं आणि ढकलत ढकलत रस्ता ओलांडून आमच्या बैठकीत आणून ठेवली. तेव्हा मला होकायंत्राचा उलगडा झाला.

"इतक्या आधी नाई ठेवत प्रस्थान," काका फाटकातून ओरडले. जायला अजून दोन आठवडे होते.

"कुठं लिवलं हाय?" काकूंनी विचारलं.

"सुपारी ठेवाची असते, बॅग नाई!"

"सुपारी ठेवली तर तुमी सुपारी सोडून द्याल. बॅगेत तुमचं नवं स्वेटर हाय."

त्याच संध्याकाळी काका आमच्या फाटकाशी आले. चेहरा पडलेला. "सुधीर, माह्यं बीपीचं मशीन दिसत नाई कुठं. त्या बॅगेत तर नाई ना गेलं?"

गेलं होतं. स्वेटरच्या खाली, टॉवेलात गुंडाळून. मी ते उचलून देणार एवढ्यात मागून काकू आल्या. "घाईत चुकून गेलं वाटते. आता कसं करता? प्रस्थानातलं परत आणता येते का? पंचांग तर तुमीच काढलं." काका माझ्याकडं बघत राहिले. मी रेखाकडं बघितलं. रेखा म्हणाली, "काका, मशीन इथं आहे तर तुम्हीच इथं या ना. मी चहा टाकते, बिनसाखरेचा."

आणि काका आमच्या तीन पायऱ्या चढले. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबून, पण चढले. पहिल्या दिवशी चार वेळा आले. यायचे, चेन उघडायचे, मशीन काढायचे, दंडाला पट्टा बांधायचे, आकडा बघायचे, सगळं होतं तसं ठेवून चेन लावायचे. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग हळूहळू चेन उघडली की मशीनच्या आधी बाकीच्या वस्तूंवर हात जाऊ लागला. ही पायमोज्यांची जोडी कुठून आली. हा साबण नको, दुसरा. एकदा त्यांनी स्वेटर काढून आमच्या आरशासमोर घालून पाहिलं आणि रेखाला विचारलं, बरं दिसते का. एकदा बॅग पूर्ण उपसून पुन्हा स्वतः भरली, म्हणे, "तिले कोपरे भरता येत नाई." त्या दिवशी बीपी घ्यायचं राहिलंच. त्यांच्याही आणि रेखाच्याही ते लक्षात आलं नाही, चहा गार होत होता म्हणून ते पिऊन गेले.

मग एक दिवस ते आलेच नाहीत. सकाळ गेली, दुपार झाली. रेखाचा जीव वरखाली. चार वाजता ती चप्पल न घालता रस्त्यापलीकडं धावली, मी मागोमाग. काका परसात लिंबाच्या झाडाला आळं करत होते. हात मातीनं भरलेले.

"काका, तुम्ही आज आला नाहीत?"

"कुठं?" काका म्हणाले. मग त्यांना आठवलं. त्यांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं, त्यावर चिखल होता, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

रेखा तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसली आणि रडायला लागली. काकू बाहेर आल्या, काय झालं ते एका नजरेत समजल्या, आणि त्यांनी रेखाला पाणी दिलं. नंतर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "काकू, खरं सांगा. मशीन चुकून गेलं होतं?"

"सुधीर," त्या म्हणाल्या, "मी बारा पोरींच्या बॅगा भरून गुवाहाटीले गेलती. चुका होतातच ना बाप्पा माणसाच्या." डोळे मात्र इतके सरळ ठेवले की मला काही कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

शनिवारी आम्ही वर्धा स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी आली, काका चढले, काकू मागून चढल्या, मुलींना चढवताना करत तशी त्यांनी बोटानं मोजणी केली, एक, दोन, आणि स्वतःलाच हसल्या. नितीन पुण्याहून फोनवर होता आणि दर मिनिटाला काय झालं विचारत होता. मी सांगत होतो, बसले. खिडकीशी बसले. अरे, गाडी हलली. रविवारी कोलकाता आलं एवढा निरोप आला. सोमवारी विमान होतं. सोमवारी काहीच निरोप आला नाही. नितीनचा फोन आला, माझ्याकडंही काही नव्हतं. मी ऑफिसातून लवकर आलो आणि आम्ही दोघं नवरा-बायको उगाच टीव्ही लावून बसलो. मंगळवारी संध्याकाळी फक्त एक फोटो आला, निळ्या डब्याचा. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं. फोटो कोणी काढला, दोघं त्यात का नाहीत, यावर नितीन आणि मी पाऊण तास बोललो.

बुधवारी सकाळी मी चहा पीत होतो तेव्हा व्हिडिओ कॉल वाजला. पडद्यावर काकांचं नाक आणि अर्धा चष्मा.

"काका! कुठं आहात? काकू कुठं आहेत?"

"हळू बोल," काका म्हणाले. स्वतः इतकं हळू बोलत होते की मी फोन कानाला लावला, मग चेहरा दिसेना म्हणून परत समोर धरला. ते डब्याच्या मधल्या वाटेत उभे होते. मागं खिडकीतून भाताची हिरवी शेतं पळत होती. "गाडी लेट हाय. आपल्यासारखीच. लाओसच्या अलीकडे हावो."

"विमानात काही त्रास?"

काकांनी इकडंतिकडं पाहिलं. "सांगू नको कोणाले. विमानतळावर मी बसलो खुर्चीवर अन् उठलोच नाई. सगळे आत गेले. म्या म्हटलं, शालू, नाई जमत, वापस चल. मले वाटलं, आता थे जोडे-बिडे म्हणीन. थे काई नाई बोलली. बाजूले बसली. अन् म्हणते, 'मलेही भेव वाटून राह्यलं.' सुधीर, चाळीस वर्षांत हे वाक्य म्या ऐकलं नोतं. म्या तिचा हात पकडला अन् नाडी पाह्यली. थे तर माह्यापेक्षा जोरात धावून राह्यली होती!" त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते बाहीनं पुसले. बाही स्वेटरची होती. "मंग म्या म्हटलं, ऊठ. मी हाय ना. अन् नेलं तिले."

"आता कुठं आहेत त्या?"

काकांनी फोन फिरवला. डब्यातले सगळे बर्थ घडी होऊन सीटं झाली होती, लोक बसून काहीबाही खात होते. एकाच ठिकाणी खालचा बर्थ अजून तसाच होता, निळा पडदा ओढलेला. गणवेशातला एक माणूस चादरी काखेत घेऊन जवळ उभा होता आणि काका त्याला हातानं नको, नको करत होते.

"हा दोनदा येऊन गेला बेड मोडाले," काका कुजबुजले. "म्या हाकलला. मले बसाले जागा नाई म्हणून उभा हावो. रातच्याले मी वर झोपलो, शिडी चढून."

आमच्या तीन पायऱ्यांचे काका शिडी चढून वर झोपले! रेखा माझ्या खांद्यावरून बघत होती, तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

काकांनी दोन बोटांनी पडदा जरासा सरकवला आणि फोन आत धरला. काकू कुशीवर झोपल्या होत्या. तोंड उघडं, केस विस्कटलेले, एक हात बर्थबाहेर लोंबत होता. त्या घोरत होत्या. गाडीच्या खडखडाटातही ते ऐकू येत होतं, तसल्याच भरघोस मैदानी आवाजात. बाहेर डब्यात ऊन आलं होतं, लोक जात-येत होते, पण त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीवर बसलो.

"काका, रात्री तुम्ही..."

"नाई," काका म्हणाले. "एकदाही नाई."

मग त्यांनी वाकून तो लोंबणारा हात अलगद उचलून आत ठेवला, पडदा ओढला, आणि म्हणाले, "ठेवतो आता, सुधीर. आवाजानं उठून जाईल थे."